खिशातली विजेरी, कपाटातली बॅटरी

रविवारी सकाळी वॉशिंग मशीन फिरायला लागलं आणि आतून टक... टक... असा आवाज यायला लागला.

"अरे, तुझी पँट वाजतेय," बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

वीस-बावीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या खिशांचे आवाज पाठ झालेत. नाणं खणखणतं, किल्ली खरवडते, आणि दर फेऱ्याला एकदाच, पोस्टमननं दार ठोठवावं तसा ठाम टक आला की ती विजेरी. आमचं मशीन पुढच्या दाराचं. एकदा पाणी भरलं की मध्येच उघडत नाही. मग मी चहाचा कप घेऊन त्या गोल काचेसमोर स्टूल टाकून बसलो. थोड्या वेळानं फेसात उजेड दिसला. चादरीत काजवा अडकावा तसा. दोन-तीन फेऱ्या तो फिरला, विझला, पुन्हा लागला. बायको हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "तिला तरी कळतंय, आत कोंडलंय ते."

पन्नासेक मिनिटांनी दार उघडलं. जीन्सच्या छोट्या खिशात विजेरी जिथल्या तिथे होती, फक्त फार स्वच्छ. डोकं पिळलं, लागली.

मी ती तिथेच, ओल्या कपड्यांच्या टबाशेजारी, उघडून बघितली. हा आमच्या धंद्यातला रोग आहे. चालणारी वस्तूसुद्धा का चालतेय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. साबणाचं पाणी आट्यांच्या पहिल्या वेढ्यापर्यंत गेलं होतं आणि काळ्या रबरी रिंगपाशी थांबलं होतं. रिंगच्या अलीकडे ओल, पलीकडे कोरडं ठाक. दोन-चार रुपयांची ती ओ-रिंग. बाकी सगळं ॲल्युमिनियम, एलईडी, सर्किट हा थाट, आणि घर राखलं कुणी, तर तिनं.

विजेरी तशी करंगळीएवढी आहे. पेन्सिल सेलचा धाकटा भाऊ, तो तीन-ए सेल, एकच बसतो. बटण नाही, डोकं घट्ट पिळलं की लागते, सैल केलं की विझते, चटकन सैल करून पुन्हा पिळलं की उजेडाची पायरी बदलते. सेलसकट वजन 25 ग्रॅमच्या आसपास. मी तिला विजेरी म्हणतो, लेक टॉर्च म्हणते, आणि आई म्हणते बॅटरी. आईच्या पिढीत उजेड देणारी ती बॅटरी आणि आत घालतात ते सेल. दुकानदाराकडे जाऊन "बॅटरीचे सेल द्या" असं म्हटलेलं मी लहानपणी शंभरदा ऐकलंय आणि त्यात कुणाचाही कधी गोंधळ झाला नाही.

मोबाइलमध्ये दिवा असताना ही कशाला, असं लोक विचारतात. पुण्यात विचारतात म्हणजे उत्तराची अपेक्षा नसते, तुमची चूक दाखवायची असते. तरी सांगतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की मीटरच्या खोलीत एका हातानं दार धरून, दुसऱ्या हातानं एमसीबी चाचपताना मोबाइल कुठं धरायचा? विजेरी दातांत धरता येते. आणि दुसरं म्हणजे, मोबाइल हातातून सुटला की काळजात धस्स होतं. विजेरी सुटली की नुसता आवाज होतो.

माझं पोट वस्तू आपटण्यावर चालतं. भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. भाग थरथरवायचे, मिठाच्या फवाऱ्यात ठेवायचे, तापवायचे, गारठवायचे, पाडायचे, आणि मग कुठं चीर गेली ते भिंगाखाली बघायचं. त्यामुळे विजेरीच्या खोक्यावर "1 मीटर" असं लिहिलेलं दिसलं की मला त्यामागचा माणूस दिसतो. अमेरिकेत 2009 साली हातातल्या दिव्यांसाठी एफएल-1 नावाचं मानक आलं. त्याआधी कोण किती उजेड सांगेल आणि कोण कशाला अतूट म्हणेल, याला धरबंध नव्हता. या मानकात विजेरी सेल घालून किमान 1 मीटरवरून काँक्रीटवर पाडतात, सहा वेगवेगळ्या बाजूंनी. ती लागली पाहिजे, फुटता कामा नये. ओरखडे गेले तर माफ. पाण्याचंही तसंच: आयपीएक्स-7 म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं. याच मानकात झोत किती लांब जातो ते मोजायची एक रसिक रीत आहे. जिथं उजेड 0.25 लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तिथं झोत संपला असं धरतात. कोजागिरीला मसाला दूध पिताना मला हा आकडा हटकून आठवतो आणि घरातलं कुणीही तो ऐकून घेत नाही.

पण 1 मीटर म्हणजे पँटचा खिसा. शर्टाचा खिसा त्याहून वर असतो. जिन्यावरून पडणारी वस्तू एकदा पडून थांबत नाही; पायरीपायरीनं, कडेवर, कोनावर आपटत जाते. प्रयोगशाळेत आम्ही जॉब, म्हणजे तपासायचा भाग, नीट धरून सोडतो. आयुष्यात तसं कुणी सोडत नाही.

राजगडावर रात्रीची चढाई होती. गुंजवण्यातून चोर दरवाज्याच्या वाटेनं चाललो होतो. शेवटच्या कातळटप्प्यात दोन्ही हात रेलिंगला, विजेरी दातांत. मागून एक जण काहीतरी वात्रट बोलला आणि मी हसलो. हसायला तोंड उघडावं लागतं. विजेरी पेटलेलीच खाली गेली. टण्ण, मग कातळावर एक गोल, मग झाडीत एक गोल, मग कुणाच्या तरी बुटावर. तिसऱ्या आपटण्याला एकदम मंद झाली आणि खाली कारवीच्या जाळीत जाऊन पडली. "गेली बिचारी," मागचा म्हणाला. तिथं उतरणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरताना मित्रानं काठीनं जाळी बाजूला केली, तर ती तशीच, मिणमिणत.

ती मंद का झाली, हे मला घरी आल्यावर सुचलं. तिच्या 25 ग्रॅममधलं जवळजवळ निम्मं वजन सेलचं. विजेरी दगडावर आपटते तेव्हा आतला सेल हातोड्यासारखा पुढं किंवा मागं धावतो, टोकाशी असलेला त्याचा स्पर्श डोळ्याचं पातं लवायच्या आत तुटतो आणि पुन्हा जुळतो. सर्किटला वाटतं, कुणीतरी डोकं सैल करून पुन्हा पिळलं. ते निमूटपणे पुढच्या पायरीवर जातं. म्हणजे तिला लागलं नव्हतं. कुणीतरी उजेड कमी करायला सांगतंय, असा तिचा समज झाला होता. आणि भरधाव उजेडात राहिली असती तर मध्यरात्रीच संपली असती. मंद पायरीवर एक तीन-ए सेल दिवसभर सहज पुरतो.

हे सगळं एलईडी आल्यामुळे. आधीच्या बॅटऱ्यांमध्ये काचेचा बल्ब आणि त्यात केसापेक्षा बारीक टंगस्टनची तार. पेटलेली तार धगधगीत तापलेली असते, अशा वेळी बसलेला धक्का तिला सोसत नाही. काही बॅटऱ्यांच्या बुडाच्या झाकणात स्प्रिंगजवळ एक जादा बल्ब ठेवायची सोय असे, म्हणजे बनवणाऱ्यालाही भरवसा नव्हता. डेव्हिड मिसेल याला हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं पेटंट 1899 साली अमेरिकेत मिळालं. तेव्हाचे सेल आणि कार्बनच्या तारा इतक्या दुबळ्या होत्या की दिवा क्षणभर लावायचा, बघून घ्यायचं आणि बंद करायचा. इंग्रजीत तिचं फ्लॅशलाइट हे नाव त्या लुकलुकण्यावरून पडलं. आपल्याकडे बॅटरी लुकलुकली की तिला तळहातावर दोन थापा मारायच्या ही पद्धत. गंजलेला स्पर्श थापेनं जुळायचा. आपटणं हीच तिची दुरुस्ती होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती विजेरीची नव्हे, आकाराची. मुंगी गच्चीवरून पडली तरी चालू लागते. तीन मोठ्या सेलची जुनी बॅटरी सेलसकट अर्धा किलो सहज भरायची. ती 1 मीटरवरून पडते तेव्हा माझ्या विजेरीच्या वीसपट जोरानं जमिनीशी हिशेब करते. छोट्या वस्तूला कणखर बनवायला फार हुशारी लागत नाही. ती मुळातच हलकी पडते. खोक्यावर रणगाड्याचं चित्र छापणाऱ्यांनी मुंगीचं छापायला हवं.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत ॲनोडायझिंगचं एक छोटं शेड आहे. तिथं ॲसिडच्या टाकीत ॲल्युमिनियमचे जॉब टांगून वीज सोडतात. रंग वरून लावतात तसं हे नाही. धातूचाच वरचा पापुद्रा ऑक्साइड होतो, थोडा आत रुजतो, थोडा बाहेर वाढतो. हार्ड ॲनोडायझिंग असेल तर थर 25 ते 50 मायक्रॉन, केसाच्या जाडीहून कमीच. पण ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे कुरुंदाच्या कुळातलं. माणिक आणि नीलम त्याच घरातले. त्यामुळे किल्ल्यांबरोबर खिशात वर्षानुवर्षं घासूनही विजेरीला ओरखडा जात नाही, उलट किल्लीचं पितळ तिच्यावर पिवळी रेघ ओढतं. मात्र तो थर मऊ धातूवर बसलेला असतो, ओल्या मातीवर अंड्याचं टरफल बसावं तसा. टोकाला फटका बसला की आतली माती दबते आणि टरफल उडतं. माझ्या विजेरीच्या कडा चंदेरी झाल्यात त्या अशा. धारदार कोपऱ्यावर तर थर नीट जमतच नाही. म्हणून चांगला बनवणारा कडेची धार मारून ती गोल करतो. विकत घेताना मी उजेड नंतर बघतो, आधी कडेवर अंगठा फिरवतो. दुकानदार घड्याळाकडे बघतात.

एवढं असून ती अमर वगैरे नाही. एकदा लक्ष्मी रोडवर खिशातून पडली आणि मागच्या रिक्षाचं चाक तिच्यावरून गेलं. नळी किंचित लंबगोल झाली, सेल आत जाईना. पॉलिश पेपरची सुरळी करून दोन संध्याकाळी आतून घासली, तेव्हा जाऊ लागला. अजूनही काढताना उलटी धरून आपटावी लागते. क्लिप तर त्याआधीच मोडली होती.

2024 च्या जुलैमधल्या त्या रात्रीचं सांगतो. आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो, नदीपासून फार लांब नाही. 25 तारखेला पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी एकता नगरीत शिरलं आणि आमच्या पार्किंगमध्येही आलं. सोसायटीनं वीज बंद केली होती. मी स्कूटर ढकलत वर आणायला उतरलो. दातांत विजेरी. घोट्यापर्यंत असलेलं पाणी बघता बघता गुडघ्याला लागलं. स्कूटरचं हँडल निसटलं, मी "अरे" म्हणालो, आणि विजेरी पाण्यात. बुडाली तरी पेटलेली होती. त्या चहाच्या रंगाच्या पाण्यात तळाशी एक पिवळट गोळा दिसत होता, आणि तो हळूहळू सरकत होता. पाण्याला ओढ आहे हे मला त्या क्षणी कळलं. तोवर मी त्याला साचलेलं पाणी समजत होतो.

वरून आई गॅलरीतून ओरडत होती. "बॅटरी सोड! गाडी सोड! वर ये आधी!"

मी वाकून विजेरी उचलली, स्कूटर सोडली आणि वर आलो. आईचा आवाज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाईचा नव्हता, दहा वर्षांच्या मुलीचा होता. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत, वाड्याच्या माडीवर होती. आजोबांनी सगळ्यांना सदाशिव पेठेत नातेवाइकांकडे नेलं. घाईत घेतलं काय, तर देव, दागिन्यांचा डबा आणि बॅटरी. वाटेत कमरेएवढ्या पाण्यात आजोबांच्या हातातून बॅटरी पडली होती आणि त्यांनी ती पायानं चाचपून शोधली होती. त्यात मिनिट गेलं की पाच मिनिटं, आई सांगू शकत नाही. तिला एवढंच आठवतं की आजी काठावर उभी राहून ओरडत होती, "बॅटरी सोडा हो!"

ती बॅटरी तीन मोठ्या सेलची, पितळी, वर निकेलचा मुलामा. पुरानंतर त्यांनी उघडून गाळ धुतला, सेल फेकले, नवा बल्ब घातला आणि ती लागली. आत होतं काय बिघडायला? एक पत्र्याची पट्टी, एक सरकतं बटण, एक स्प्रिंग. पुढं कैक वर्षं ती वापरात होती. मग घरोघर इन्व्हर्टर आले, आजोबा गेले, आणि आजीनं तिला चिंचेनं लखलखीत घासून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. सेलसकट.

वाडा पाडायला काढला तेव्हा ती ट्रंक माझ्याकडे आली. बाहेरून बॅटरी नव्यासारखी. झाकण फिरेना. पिळून पिळून फिरलं, तर आतून पांढरट-हिरवी भुकटी सांडली आणि वास आला. पितळ कळकलं होतं. जुन्या झिंक-कार्बन सेलची रचनाच गमतीची. ज्या जस्ताच्या डबीत मसाला भरलेला असतो, तीच डबी खाऊन सेल वीज देतो. वापरा न वापरा, भांडं आतून झिजत राहतं, आणि एक दिवस त्याला भोक पडून खारट रसायन बाहेर येतं. आजचे अल्कलाइन सेल पोलादी डबीतले, पण पूर्ण उतरून तसेच राहिले तर आत वायू साठतो, सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं. ॲल्युमिनियमच्या नळीचं त्याच्याशी बिलकूल जमत नाही. सेल फुगून नळीत असा बसतो की जणू ओतून बसवलाय. मी बघितलेल्या मेलेल्या विजेऱ्यांपैकी आपटून मेलेल्या दोन, आणि अशा ड्रॉवरमध्ये झोपेत गेलेल्या मोजायच्या सोडून दिल्यात. गाडीच्या कप्प्यात "अडीअडचणीला" ठेवलेल्या तर हमखास. अल्कलाइन सेल गळला असेल तर लिंबाच्या रसाचे दोन थेंब चालतात, पण वेळेत कळलं तर.

आजोबांची बॅटरी मी भोसरीला नेली. हँडप्रेसवर लाकडी दांडा लावून सेल ढकलले. पहिले दोन ओल्या प्लॅस्टरसारखे कुसकरून आले. तिसऱ्यानं नळी फाडली.

आईला मी हे सांगितलं नाही. तिला वेगळी, नवी, माझ्यासारखीच एक विजेरी आणून दिली. तिनं उलटसुलट करून बघितली, लावली, विझवली, "छान आहे हो," म्हणाली, आणि खोक्यात घालून गोदरेजच्या कपाटात, शालूंच्या खाली ठेवली. "हातात वागवायची तर पडेल-बिडेल."

म्हणून खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी मशीन पुसून, हार घालून पूजा होते, घरी आई विळी, कात्री, माझा पाना आणि व्हर्निअर पाटावर मांडते. मी गुपचूप तिच्या कपाटातली विजेरी काढतो, सेल बदलतो, रिंगला सिलिकॉनचं ग्रीस लावतो (व्हॅसलीन नाही, त्यानं काही रबरं फुगतात) आणि पाटावर ठेवतो. शेजारी माझी, रिक्षाखाली गेलेली, पुरात बुडालेली. आई दोघींना सारखंच हळदकुंकू वाहते. तिच्या विजेरीवरचं ती नंतर पदरानं पुसते आणि विजेरी खोक्यात परत जाते. माझीवरचं मी पुसलं नाही. पकड बसावी म्हणून अंगावर जे नर्लिंग असतं, त्या खाचांत कुंकू गच्च बसलं होतं आणि दोन दिवस खिशात राहूनही हललं नव्हतं. मला त्याचं कौतुक वाटत होतं.

पुढच्या रविवारी मशीनमधून टक... टक... ऐकू आलं. बायको काही बोलली नाही. मीच स्टूल घेऊन बसलो.

विजेरी लागली. कुंकू निघालं होतं. माझे तीन बनियन, लेकीचा शाळेचा पांढरा शर्ट आणि आईचं पांढरं परकर-पातळ, सगळं फिकट गुलाबी.